काटा कधी काढावा

ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस हे नाव त्या जिवापेक्षा कितीतरी लांब आहे. जीव मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढा, रोटिफर गटातला. अंगावर पारदर्शक कवच. वरच्या टोकाला सूक्ष्म केसांचा मुकुट. ते केस इतक्या लयीत हलतात की चाक फिरतंय असं वाटावं. खाली वळवळणारा एकच पाय. महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि साठलेल्या पाण्यात तो सर्रास सापडतो. बदलापूरच्या कडेला जिथे अजून भातखाचरं उरली आहेत, तिथल्या एखाद्या हिरवट डबक्याचं पाणी महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर तो भेटण्याची शक्यता चांगली. पीटर पलास यांनी 1766 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढची पावणेदोनशे वर्षं जाणकार त्याची रूपं नोंदवत राहिले, त्यांना नावं देत राहिले: हा मागे दोन लांब काटे असलेला, हा आखूड काट्यांचा, हा बिनकाट्याचा. वहीत रूपं वाढत गेली. एकाच डबक्यात आज बिनकाट्याचे आणि थोड्या दिवसांनी काटेवाले का दिसावेत, याचा उलगडा मात्र होत नव्हता.

1952 साली फ्रान्सच्या पॉल द बोशां यांनी तो केला. काटे शत्रूमुळे येतात.

शत्रू म्हणजे अस्प्लांक्ना, हाही रोटिफरच, पण आकाराने कित्येक पट मोठा. पाण्यात पाण्यानेच भरलेली पिशवी तरंगावी तसा दिसतो, आणि त्या पिशवीत गिळलेले ब्रॅकिओनस बाहेरून मोजता येतात. ज्या पाण्यात अस्प्लांक्ना आहे तिथल्या ब्रॅकिओनसला लांब काटे फुटतात. 1960च्या दशकात अमेरिकेच्या जॉन गिल्बर्ट यांनी आणखी बारकाईने पाहिलं. प्रत्यक्ष अस्प्लांक्ना समोर असण्याचीही गरज नाही. तो ज्यात राहून गेला ते पाणी गाळून दिलं तरी पुरतं. म्हणजे पाण्यात त्याचं काहीतरी विरघळून राहतं आणि ब्रॅकिओनसची मादी ते ओळखते.

आता यातली खुबी पाहा. जिला धोका कळला त्या मादीला काटा फुटत नाही. तिचं कवच घडून गेलेलं असतं, ते बदलण्याची वेळ टळलेली असते. काटा फुटतो तिच्या लेकीला. ब्रॅकिओनसच्या वसाहतीत बहुतेक काळ माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्या निघतात. आईने धोका ओळखायचा आणि लेकीने जन्मतानाच तयार होऊन यायचं, असा हा व्यवहार. आई स्वतः कदाचित त्याच दिवशी गिळली जाईल. तिच्या वाट्याला ज्ञान येतं, उपयोग येत नाही. कथाकाराला हा ताण सुचला असता तर त्याने त्यावर पानं भरली असती. इथे तो पाव मिलिमीटरमध्ये, एका शब्दाविना उभा आहे.

दुसरी खुबी काट्याच्या बसण्यात आहे. हे मागचे काटे कवचाला घट्ट जखडलेले नसतात. ब्रॅकिओनस निवांत पोहत असतो तेव्हा ते मागे सरळ राहतात. त्याला धक्का लागला की तो मुकुट आत ओढून घेतो, आतल्या द्रवाचा दाब वाढतो आणि काटे बाहेरच्या बाजूला फाकतात. आधीच्या क्षणी जो घास तोंडात मावत होता तो आता मावत नाही. अस्प्लांक्ना प्रयत्न करतो, तोंडाशी धरून फिरवतो, शेवटी टाकून देतो. काटा त्याला टोचत नाही, विष सोडत नाही, जखम करत नाही. तो फक्त गिळू देत नाही. माझ्या मते या सगळ्या रचनेतलं सर्वांत देखणं कलम हेच. शत्रूला इजा करण्यात एक कणही खर्च न करता त्याच्या तोंडाचं माप तेवढं चुकवलं आहे.

गोड्या पाण्यातल्या लहान जिवांचं संरक्षण म्हटलं की लोक कवच, नांगी, विष यांची यादी करतात. यादीत रस नाही. रस आहे तो वेळेत: संरक्षण कधी अंगावर घ्यायचं आणि कधी उतरवायचं यात. कायम चिलखत घालून हिंडणारा प्राणी मला बळकट वाटतो, चतुर वाटत नाही.

त्या दृष्टीने पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, वाचण्यासारखी आहे. ही दोन-तीन मिलिमीटरची, झटके देत पोहणारी, नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्याएवढी दिसणारी. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून हिचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. तिला दोन प्रकारचे शत्रू. पहिला मासा, तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून मोठ्या पाणपिसवा आधी टिपतो. दुसरा केओबोरस नावाच्या चिलटासारख्या माशीची अळी. ही काचेसारखी आरपार, पाण्यात आडवी स्थिर राहून जवळ येणारं सावज झडपते, आणि तिचं तोंड लहान असल्यामुळे लहान पिल्लं धरते. म्हणजे एका शत्रूपासून वाचायचं तर लहान राहावं, दुसऱ्यापासून वाचायचं तर लवकर मोठं व्हावं. दोन्ही उत्तरं एकमेकांना छेद देणारी. पाणपिसू काय करते? पाण्यात कोणाचा वास आहे ते पाहून उत्तर निवडते.

माशाचा वास असेल तर ती लहान आकारातच वयात येते, आणि दिवसा खोल अंधारात उतरून रात्री चरायला वर येते. ही दुसरी युक्ती गुडघाभर डबक्यात चालत नाही. तिला बारवीच्या जलाशयासारखी खोली लागते. अळीचा वास असेल तर काही जातींच्या पिल्लांच्या मानेवर बारीक दाते उगवतात. एवढ्याशा दात्यांनी पिल्लू अळीच्या पकडीतून निसटतं. आणि पिल्लू वाढून अळीच्या तोंडात न मावण्याइतकं झालं की पुढच्या कातींमध्ये ते दाते नाहीसे होतात. बालपणापुरतं चिलखत! त्यालाही किंमत आहे: दाते वाढवणाऱ्या पिसवा सहसा जरा उशिरा वयात येतात. म्हणूनच शत्रू नसेल तेव्हा ते उगवत नाहीत. इथे फुकट काही नाही, आणि ही काटकसरच या रचनेचं सौंदर्य आहे.

मग साहजिक शंका येते. शत्रूला आपला वास लपवता येऊ नये? लक्षावधी वर्षांत ज्याचा वास कमी त्याला शिकार जास्त, या हिशेबाने तो वास संपायला हवा होता. या शंकेचं उत्तर अलीकडे रसायनशास्त्राने दिलं, आणि ते फार झोकदार आहे. 2018 साली जर्मनीतल्या लिंडा वाईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केओबोरसच्या अळीचा तो वास नेमका कशाचा हे ओळखलं. मेदाम्लं आणि ग्लुटामिन यांचे ते जोड आहेत. अळीला मेद पचवायला ते लागतात आणि अन्नाचा चोथा ओकताना ते पाण्यात सांडतात. 2019 साली माशाच्या वासाचंही मूळ सापडलं: कटला-रोहू ज्या कार्प कुळातले, त्या कुळातल्या माशांच्या पित्तातला एक क्षार. म्हणजे वास बंद करायचा तर पचन बंद करावं लागेल. पोट भरायचं तर बोभाटा होणारच. शत्रूची भूकच त्याची चुगली करते, आणि ती चुगली ऐकणारे कान सावजाकडे आहेत. पाणपिसवेला कान नाहीत, हे खरं. पण रसग्रहण करणाऱ्याला एवढी सूट असावी.

कटला-रोहूच्याच जवळच्या नात्यातल्या लहान माशांकडे वेगळी तऱ्हा आहे. कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना पुढे 1973 मध्ये मधमाश्यांच्या नाचाच्या उलगड्यासाठी नोबेल मिळालं, त्यांनी 1938 मध्ये नोंदवलं की जखमी मिनो मासा परत टाकीत सोडला तर बाकीचा थवा घाबरून पळतो. फाटलेल्या कातडीतून काही द्रव्य सुटतं आणि तो इशारा ठरतो. पण कातडी फाटल्याशिवाय द्रव्य सुटत नाही. इशारा देणारा बहुधा मेलेला असतो. ब्रॅकिओनसच्या आईपेक्षा ही गोष्ट मला कमी भावते. तिथे जाण आहे, इथे फक्त अपघात.

आता पुन्हा बदलापूरच्या बाजूला येऊ. इथलं पाणी म्हणजे मुख्यतः दोन नद्या. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. दुसरी वालधुनी, काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम, मग अंबरनाथ, तिथल्या शके 982च्या, म्हणजे इसवी सन 1060च्या, शिवमंदिराच्या अगदी कुशीतून वाट काढत उल्हासनगर आणि पुढे कल्याणची खाडी. पाऊस सुरू झाला की उल्हासच्या खोऱ्यात वलगणीचे मासे चढतात, खाचरांत मुठे, म्हणजे खेकडे, निघतात, आणि ज्यांचं बालपण या बाजूला गेलं त्यांना पाण्यातल्या जिवांचं संरक्षण पुस्तकातून शिकावं लागत नाही. मुठ्याचा पाय धरला की पाय हातात राहतो आणि मुठा बिळात जातो. तो पाय ओढल्यामुळे तुटलेला नसतो; मुठ्याने तो ठरलेल्या जागी स्वतः तोडलेला असतो, आणि पुढच्या कातींबरोबर तो पुन्हा फुटतो. शिंगटी माशाचे काटे पाठीवर आणि कल्ल्यांमागे उभे होऊन अडकून बसतात, म्हणून जाळ्यातून शिंगटी सोडवणारा हात बेतानेच पुढे जातो. शिंगटीचा काटा उपयोगी आहे, यात वाद नाही. पण तो जन्मभर अंगावर असतो आणि त्यात काही वाचावं असं मला दिसत नाही.

त्यापेक्षा भेकाचे काळे बेडूकमासे पाहावेत. इतर बेडकांची पिल्लं गाळाच्या रंगाची, तळाशी निपचित. भेकाची मात्र उथळ पाण्यात, उन्हात, काळ्याभोर घोळक्याने उघड फिरतात. त्यांना लपायचं नसतंच. त्यांची चव वाईट असते आणि ती जाहीर करणं त्यांच्या फायद्याचं असतं. पृष्ठभागावर गिरक्या घेणाऱ्या काळ्या चकचकीत भुंग्यांचंही असंच: प्रत्येक डोळा दोन भागांत वाटलेला, अर्धा पाण्यावर आणि अर्धा पाण्याखाली नजर ठेवणारा, वर माशांना न आवडणारा स्राव. चपट्या पाणढेकणांच्या एका गटात तर बाप स्वतःच्या पाठीवर अंडी चिकटवून घेऊन हिंडतो. अंडी फुटेपर्यंत तो त्यांचा पहारेकरी. यातला प्रत्येक विषय वेगळ्या लेखाचा आहे.

पावसाळी डबक्यातल्या जिवांचं मोठं संरक्षण मात्र कुठल्याच अंगावर दिसत नाही. ते मार्चमध्ये दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही तेव्हा. डबकं आटतं. ज्या डबक्याला वर्षातून काही महिने पाणीच नसतं तिथे मासा टिकत नाही, आणि मासा नाही म्हणजे सर्वांत खादाड शत्रू नाही. पाणपिसवा आणि रोटिफर त्याआधी जाड कवचाची अंडी घालून ठेवतात. ती चिखलात सुकतात, तडे गेलेल्या मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसाने उबतात. नॉर्वेच्या सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल मागवला, तो पाण्यात घातला आणि त्यातून निघालेल्या पिसवांचं 1885 मध्ये वर्णन केलं. त्यातलीच एक, डॅफ्निया लुमहोल्ट्झी, भारतातही आढळते. हिचा शिरावरचा सुळका आणि शेपटीचा काटा इतका लांब की लहान माशांना ती गिळणं जड जातं. 1990च्या सुमारास ती अमेरिकेत पोचली आणि तिथल्या जलाशयांत पसरली. वाळलेला चिखल दूरदेशी जातो आणि त्यातून प्राणी निघतो, हे विज्ञान आहे यावर आजही चटकन विश्वास बसत नाही.

हायड्राला वगळून चालणार नाही, कारण हायड्रावर पुण्यात गंभीर काम झालं आहे. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या सामान्य हायड्राचं रीतसर वर्णन केलं. पाणवनस्पतीला चिकटलेला, काही मिलिमीटरचा, सोंडा पसरून बसलेला हा जीव. त्याच्या दंशपेशी सावज धरायला आणि स्वतःला वाचवायला अशा दोन्हीला चालतात. हायड्राची दंशपेशी किती वेगात सुटते हे जर्मन संशोधकांनी 2006 मध्ये मोजलं: सातशे नॅनोसेकंद. डोळ्याची पापणी लवायला जो वेळ लागतो त्यात ती लाखो वेळा सुटून झाली असती. एवढं हत्यार असूनही मायक्रोस्टोमम नावाचा एक चपटा किडा हायड्रा खातो, दंशपेशी न पचवता आपल्या कातडीत बसवतो आणि पुढे स्वतःच्या रक्षणासाठी वापरतो. चोरीचं हत्यार, आणि तेही चालू स्थितीतलं. वाङ्मयचौर्याबद्दल माझं मत कडक आहे. या किड्यापुरतं ते सैल होतं.

आता वालधुनीकडे वळू, कारण या सगळ्या कलेचा आधार एकच आहे: पाण्यातला वास ओळखता येणं. अंधारात वा गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. वासावरच सगळं चालतं. वालधुनीत कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी मिसळत आलं आहे हे तिथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं निळं पाणी अनेकांनी पाहिलं आहे. कारवाई होऊन त्यातले बरेच बंद झाले. 2014 साली नदीत ओतलेल्या रसायनामुळे शेकडो माणसांना श्वासाचा त्रास झाला, तेव्हा बातमी झाली. पाणपिसवेची बातमी होत नाही.

प्रयोगशाळांनी मात्र तिची दखल घेतली आहे, आणि तिथे जे आढळलं ते विषबाधेपेक्षा विलक्षण आहे. कॅनडातल्या 2004च्या प्रयोगांत दिसलं की पाण्यात तांबं असेल तर पाणपिसू अळीच्या वासाला नीट प्रतिसाद देत नाही. मानेचे दाते कमी उगवतात. पिसू जिवंत आहे, पोहते आहे, पिल्लं देते आहे. फक्त तिला इशारा कळत नाही. याच्या उलटही होतं. जपानचे ताकायुकी हानाझातो यांनी 1991 मध्ये दाखवलं की कार्बारिल या कीटकनाशकाच्या संपर्कात पाणपिसवेला शत्रू नसतानाही डोक्यावर टोप उगवतो. कार्बारिल म्हणजे तेच, ज्याचं उत्पादन भोपाळच्या कारखान्यात होत असे.

सर्वांत बोलकं उदाहरण साबणाचं आहे. सिनिडेस्मस नावाचं हिरवं शेवाळ पाणपिसवांचं खाद्य. पिसवांचा वास आला की याच्या सुट्या पेशी चार-चार, आठ-आठच्या जुडग्यांत राहू लागतात, म्हणजे घास मोठा होतो. नॉर्वे आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी हे 1993 मध्ये दाखवलं. 2005 साली जपानी रसायनतज्ज्ञांनी तो पिसवांचा वास वेगळा काढला, तर ते निघाले लांब साखळीचे सल्फेट. कपडे धुण्याच्या पावडरीत फेस आणि मळ काढण्याचं काम करणारी काही रसायनं याच घराण्यातली. आणि त्याआधी 2002 मध्येच नेदरलँड्समधल्या प्रयोगात दिसलं होतं की अशा प्रकारचं एक धुलाई-रसायन पाण्यात घातलं की एकही पिसू नसताना शेवाळ जुडगी बांधतं. जुडगी सुट्या पेशींपेक्षा लवकर बुडतात, उजेडापासून दूर जातात. कोणी खायला आलेलं नाही, आणि तरी शेवाळ भीतीची किंमत मोजतं आहे. फसव्या इशाऱ्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती. पावसाळा सरला की वालधुनीचं पाणी तीन ठिकाणी घ्यावं: वर काकोळ्याला, अंबरनाथच्या मंदिराजवळ आणि उल्हासनगरात. चौथी बाटली बदलापूरच्या खाचरालगतच्या डबक्यातली असावी. हातमोजे घालावेत. बारीक जाळीतून पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं: कुठे ब्रॅकिओनस आहे, त्याला काटे आहेत की नाहीत, सोबत अस्प्लांक्ना दिसतो का. तारखेसह वहीत नोंद करावी आणि हेच दरवर्षी करावं. याला ना निधी लागतो, ना परवानगीची मोठी फाईल. एका प्रात्यक्षिकाच्या तासात होणारं हे काम आहे.